एकच इंजेक्टर, चार सिलिंडर: पेट्रोल कोणाच्या वाट्याला किती येते?

कोल्हापुरातील एका तरुण गाडीमालकाने विचारलेला प्रश्न असा आहे. त्यांनी आपल्या जुन्या जीपवजा गाडीच्या १.३ लिटरच्या, चार सिलिंडरच्या इंजिनावरील कार्ब्युरेटर काढला, त्याच जागी थ्रॉटल बॉडी बसवून तिच्या तोंडाशी एक मोठा इंजेक्टर लावला आणि स्वतंत्र ईसीयूवर (इंजेक्शन सांभाळणाऱ्या छोट्या संगणकावर) इंजिन चालू केले. सपाटीला गाडी उत्तम चालते. मात्र वैभववाडीकडून करूळ घाट चढून गगनबावड्याला येताना इंजिन नॉक करते (मिश्रण अवेळी भडकून ठोके देते), आणि प्लग काढून पाहिले असता १ व ४ नंबरचे प्लग पांढरट, तर २ व ३ नंबरचे काजळीने काळे झालेले दिसतात. एक्झॉस्टच्या एकत्र पाइपात बसवलेला वाइडबँड मीटर मात्र चढावर हवा व पेट्रोलचे गुणोत्तर सतत १३.२ दाखवतो. चार इंजेक्टर हेडजवळ बसवल्याने हा फरक खरोखर जाईल का, की आहे तोच इंजेक्टर थोडा सरकवून, फिरवून काम भागेल, असे त्यांनी विचारले आहे.

आधी थोडक्यात उत्तर देतो. चार इंजेक्टर हेडजवळ नेल्यास पेट्रोलच्या वाटणीतला फरक बहुतांशी जाईल, कारण मग पेट्रोल वाटण्याचे काम मॅनिफोल्डकडे, म्हणजे चार सिलिंडरांत हवा वाटणाऱ्या फाटेदार नळीकडे, राहणारच नाही. परंतु बाहेरचे दोन प्लग पांढरे आणि आतले दोन काळे, हा नमुना दोन अगदी वेगळ्या कारणांनी उमटू शकतो, आणि त्यांपैकी एका कारणाचा संबंध इंजेक्टरच्या जागेशी नसून त्याच्या वेळेशी आहे. ते तपासायला फारसा खर्च येत नाही, त्यामुळे मॅनिफोल्डला ड्रिल लावण्यापूर्वी तेवढे तपासून घ्यावे.

मीटरवरचा १३.२ हा आकडा चुकीचा नाही, पण तो चारही सिलिंडरांची सरासरी आहे. दोन सिलिंडर १४.६ वर आणि दोन १२ वर चालत असतील, तरी एकत्र पाइपात मीटरला १३.२ च्या आसपासच दिसणार. पूर्ण थ्रॉटलवर १२ चे मिश्रण काजळी धरते आणि १४.६ चे मिश्रण तापून नॉक करते, म्हणजे तुमच्या प्लगांनी जे सांगितले तेच. अशा वेळी मीटर पाहून सगळ्यांनाच पेट्रोल वाढवले, तर नॉकिंग थांबेल, पण काळे प्लग आणखी काळे होतील आणि ॲव्हरेज हातचे जाईल. आमच्याकडे येणाऱ्या अशा बहुतेक गाड्यांवर मालकाने हा उपाय आधीच करून पाहिलेला असतो.

एका सिलिंडरला एका चक्रात किती पेट्रोल लागते, हे डोळ्यांसमोर असलेले बरे. तुमच्या इंजिनाचा एक सिलिंडर सुमारे ३२५ घन सेंटिमीटरचा आहे. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंचीवर असल्याने उन्हाळ्यात इथल्या हवेची घनता घनमीटरला जेमतेम १.१ किलोग्रॅम भरते. सिलिंडर ८५ टक्के भरतो असे धरले, तर एका शोषणात सुमारे ०.३ ग्रॅम हवा आत जाते आणि पूर्ण ताकदीसाठीच्या १२.८ या गुणोत्तराने तिला सुमारे २३ मिलिग्रॅम, म्हणजे ३१-३२ घन मिलिमीटर पेट्रोल लागते. चहाच्या एका चमच्यात अशा दीडशेहून अधिक मात्रा मावतील. पाच टक्क्यांची चूक म्हणजे दीड घन मिलिमीटर, खसखशीचे तीन दाणे. एवढ्या सूक्ष्म मात्रेची चार सारखी वाटणी आपण एका फाटे फुटलेल्या नळीकडून करून घेऊ पाहतो आहोत, हे ध्यानात आले की मॅनिफोल्डवर राग धरण्याचे कारण उरत नाही.

थ्रॉटलपाशी सोडलेले पेट्रोल मॅनिफोल्डमधून एकाच रूपात जात नाही. काही भागाची वाफ होते, काही बारीक थेंबांच्या रूपात हवेबरोबर उडत जाते आणि उरलेले भिंतींवर व तळावर ओला थर धरून सरकत राहते. वाफ हवेसारखीच वागते. हवा जिकडे वळेल तिकडे ती वळते आणि हवा ज्या प्रमाणात वाटली जाईल त्याच प्रमाणात वाटली जाते. थेंब जड असतात. वळणावर एसटीतले उभे प्रवासी जसे बाहेरच्या अंगाला कलतात, तसे थेंब वळणाच्या बाहेरच्या भिंतीवर जाऊन आपटतात आणि ओल्या थरात मिसळतात. ओला थर तर हवेचे फार थोडे ऐकतो. त्याला उतार, कोपरे, गॅस्केटची पुढे आलेली कड आणि तळावरचा खडबडीतपणा यांचीच जास्त ओढ असते. पेट्रोल हे अनेक घटकांचे मिश्रण असून त्यातले हलके घटक सुमारे ३५ अंशांना उकळू लागतात, तर जड घटकांना २०० अंशांच्या आसपास तापमान लागते. त्यामुळे थंड मॅनिफोल्डमध्ये मोठा हिस्सा वाफ न होताच पुढे जातो. इंजेक्टरची जागा बदलली की बदलते ते हेच, म्हणजे हवेची वाटणी होण्याच्या ठिकाणी पेट्रोल कोणत्या रूपात पोहोचते, किंवा ते त्या ठिकाणाच्या आधी मिसळते की नंतर.

सुमारे पंधरा वर्षांपूर्वी उद्यमनगरातल्या आमच्या शेडमध्ये आम्ही असाच एक मध्यभागी थ्रॉटल असलेला मॅनिफोल्ड घेऊन त्याच्या बाजूची भिंत कापली आणि तिथे जाड काच बसवली. इग्निशन पूर्ण बंद ठेवून इंजिन इलेक्ट्रिक मोटरने फिरवले आणि इंजेक्टरमधून पेट्रोलऐवजी टेस्ट-बेंचवर वापरतात ते द्रव सोडले. ते पेट्रोलइतके उडत नसल्याने ओला थर प्रत्यक्षापेक्षा जाड दिसतो हे खरे, पण तो कुठे जातो ते स्पष्ट दिसते. थ्रॉटलची चकती अर्धी उघडी असताना फवारा तिच्या वरच्या पृष्ठभागावर आदळत होता, आणि चकतीच्या खालच्या कडेवरून एक सलग धार निघून प्लेनमच्या (फाटे फुटण्याआधीच्या मधल्या पोकळ भागाच्या) तळावर एकाच बाजूला पडत होती. आम्ही फवाऱ्याचा कोन सुधारण्यात चार दिवस घालवले होते; चकतीला मात्र त्या कोनाशी काहीच कर्तव्य नव्हते. थ्रॉटल बॉडी ९० अंश फिरवून पुन्हा बसवल्यावर धार पुढच्या सिलिंडरांकडे पडण्याऐवजी हेडच्या दिशेने, मध्यभागी पडू लागली आणि पुढच्या-मागच्या सिलिंडरांतला फरक निम्म्याहून कमी झाला.

यातून तुमच्यासाठी निघणारी पहिली सूचना अशी. एकच इंजेक्टर ठेवायचा असेल, तर थ्रॉटलची दांडी क्रँकशाफ्टला समांतर हवी. मग अर्धवट उघडलेली चकती मिश्रण हेडकडे किंवा हेडपासून दूर ढकलेल, पण पुढच्या दोघांना झुकते माप देऊन मागच्या दोघांना उपाशी ठेवणार नाही. अनेकजण ॲक्सिलरेटरची केबल सोयीने यावी म्हणून बॉडी आडवी बसवतात. केबलची सोय होते, वाटणी बिघडते. दुसरे म्हणजे मागच्या चाकांना ओढ असलेल्या गाडीत इंजिन गिअरबॉक्सच्या बाजूला काही अंश खाली कललेले असते. म्हणून मूळ मॅनिफोल्डवर कार्ब्युरेटरची बैठक पाचरीसारखी तिरपी घडवलेली असते, म्हणजे गाडी सपाटीवर असताना ती पातळीत येते. तुम्ही अडॅप्टर प्लेट बनवली असेल तर स्पिरिट लेव्हल ठेवून ती तपासा.

आता वेळेच्या कारणाकडे येतो, कारण माझा पहिला संशय तिथेच आहे.

तुमच्या इंजिनाचा क्रम १-३-४-२ आहे आणि शोषणाचे स्ट्रोकही त्याच क्रमाने, क्रँकच्या प्रत्येक १८० अंशांनंतर येतात. ३००० आरपीएमला एका शोषणाच्या वाट्याला फक्त १० मिलिसेकंद येतात. एका इंजेक्टरला चारही सिलिंडरांना न्याय द्यायचा असेल, तर त्याने प्रत्येक शोषणासाठी एकदा, म्हणजे क्रँकच्या दोन फेऱ्यांत चार वेळा फवारले पाहिजे. ईसीयूमध्ये ही संख्या निवडता येते आणि बरेचजण ती चारवरून दोनवर आणतात. त्याचे कारणही रास्त असते. मोठा इंजेक्टर उघडायलाच सुमारे एक मिलिसेकंद खातो. आयडलिंगला चार वेळा फवारायचे म्हटले की प्रत्येक फवारा इतका तोकडा होतो की इंजेक्टर पुरता उघडतही नाही आणि इंजिन हेलकावे खाते. दोनवर आणले की फवारा लांब होतो आणि आयडलिंग गुळगुळीत होते. ही तडजोड मात्र फुकट मिळत नाही. दोन फेऱ्यांत दोनच फवारे, म्हणजे दर फेरीला एक, आणि तो नेहमी क्रँकच्या त्याच कोनावर. क्रँकच्या ज्या अर्ध्या फेरीत २ किंवा ३ नंबर हवा ओढत असतो, त्या अर्ध्या फेरीत १ आणि ४ कधीच ओढत नसतात, कारण १ व ४ चे पिस्टन जोडीने एका बाजूला असतात आणि २ व ३ चे जोडीने दुसऱ्या बाजूला. त्यामुळे फवारा एका जोडीच्या वाट्याला भरभरून येतो आणि दुसरीला त्याचे शेपूट मिळते. आतले दोन काळे आणि बाहेरचे दोन पांढरे, हा नमुना नेमका असा तयार होतो.

आयडलिंगला किंवा सपाटीवर हे का दिसत नाही, असे तुम्ही विचाराल. थ्रॉटल थोडाच उघडा असताना मॅनिफोल्डमध्ये मोठी पोकळी असते. कमी दाबाला पेट्रोल लवकर उकळते, जास्त भागाची वाफ होते आणि ओला थरही हळूहळू वाफ देत फवाऱ्यांमधली खाच भरून काढतो. घाटात थ्रॉटल पूर्ण उघडा असताना मॅनिफोल्डमधला दाब बाहेरच्या हवेइतका होतो, पेट्रोल ओलेच राहते आणि हवेचा वेग इतका असतो की ज्याच्या वेळी फवारा पडला त्याच्याच पदरात तो जातो.

चाचणी सोपी आहे. ईसीयूमध्ये इंजेक्शनचा कोन क्रँकच्या १८० अंशांनी सरकवा, नवे प्लग लावा, तोच चढ त्याच गिअरमध्ये चढा आणि वर पोहोचल्यावर आयडलिंगला न ठेवता इंजिन लगेच बंद करून प्लग काढा. पन्हाळ्याचा चढही यासाठी पुरेसा आहे, गगनबावड्यापर्यंत जायची गरज नाही. आता १ व ४ काळे आणि २ व ३ पांढरे आले, तर दोष वेळेचा आहे. फवाऱ्यांची संख्या जास्त लोडवर चार करा आणि आयडलिंगपुरती दोन ठेवा, ईसीयू तशी सोय देत असेल तर. नमुना तसाच राहिला, म्हणजे आतलेच काळे, तर दोष मॅनिफोल्डच्या घडणीचा आहे. मध्यभागी असलेल्या थ्रॉटलपासून २ व ३ ची तोंडे जवळ असल्याने ओला थर आधी त्यांच्यातच उतरतो, आणि १ व ४ कडे मुख्यतः हवा व वाफच पोहोचते. आणि नमुना बदलून फक्त ४ नंबर काळा झाला, तर घाटाच्या चढाने तळावरचे पेट्रोल मागे वाहत आहे, असे समजा. तुमचे इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेले असल्याने गाडीचे नाक वर झाले की मॅनिफोल्डचा मागचा फाटा सर्वांत खाली जातो.

याच टप्प्यावर मॅनिफोल्डच्या तळाखालून जाणारे गरम पाणी चालू आहे का, तेही पाहा. जुन्या कार्ब्युरेटरच्या मॅनिफोल्डला पाण्याचा किंवा एक्झॉस्टचा शेक दिलेला असतो तो उगाच नाही. एक किलो पेट्रोलची वाफ व्हायला सुमारे ३५० किलोज्यूल उष्णता लागते. ती सगळी हवेतूनच घ्यायची झाली तर १४.७ च्या, म्हणजे पेट्रोल पुरते जळण्यापुरतीच हवा असलेल्या, मिश्रणाचे तापमान २३ अंशांनी उतरेल. आता पंपावर मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने हा प्रश्न आणखी वाढवला आहे. इथेनॉलला किलोमागे ९०० किलोज्यूलहून अधिक उष्णता लागते, आणि हवेच्या प्रमाणात इंधनही थोडे जास्त द्यावे लागते, त्यामुळे मॅनिफोल्डवरचा थंडावा साध्या पेट्रोलच्या तुलनेत सुमारे ४५ टक्क्यांनी वाढतो. आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचे हे इथेनॉल असले तरी थ्रॉटलपाशी इंजेक्टर ठेवणाऱ्याला ते गोड लागत नाही. कार्ब्युरेटर काढताना पाण्याच्या नळ्या बायपास केल्या असतील, तर त्या परत जोडा.

हे सगळे करूनही एका इंजेक्टरच्या रचनेत पूर्ण लोडवर सिलिंडरांमधला फरक काही टक्क्यांच्या खाली आणणे कठीणच जाते. वाहन कारखान्यांनी एकाच इंजेक्टरची रचना काही वर्षे वापरली ती स्वस्त म्हणून, आणि उत्सर्जनाचे नियम कडक होताच सोडली. आपल्याकडे २००० च्या सुमारास गाड्यांच्या मागे एमपीएफआय अशी अक्षरे मिरवू लागली, त्यांचा अर्थ एवढाच की इंजेक्टर आता प्रत्येक पोर्टाशी, म्हणजे हेडमधल्या हवेच्या तोंडाशी, आहेत. तुम्हाला घाटात भरवशाची गाडी हवी असेल, तर वेळेचा दोष सापडून सुधारला तरीही, पुढेमागे चार इंजेक्टरांकडे जाणेच योग्य, असे माझे मत आहे. इंजेक्टर दोनच लावून मॅनिफोल्डच्या दोन फाट्यांवर बसवण्याचा मध्यम मार्ग काहीजण सुचवतात. मी तो सुचवणार नाही. एका फाट्यावर लागोपाठ ओढणारे दोन सिलिंडर आले की जो आधी उघडतो तो साठलेले पेट्रोल घेतो आणि दुसऱ्याला उरलेले मिळते. जुन्या अँबॅसिडरच्या १४८९ सीसीच्या पेट्रोल इंजिनात तर हेडमध्येच १ व २ चे एक आणि ३ व ४ चे एक असे जोडपोर्ट होते. तिथे २ नंबरनंतर १८० अंशांनी १ नंबर ओढतो आणि ते शोषण संपल्यावर ३६० अंशांची विश्रांती असते. पोर्टात सतत पेट्रोल सोडले तर त्या विश्रांतीत साठलेला सगळा वाटा २ नंबरच्या पदरात जातो. अशा हेडवर दोन इंजेक्टर लावणाऱ्याला वेळ अंशाअंशाने जुळवावी लागते. तुमच्या हेडला चार स्वतंत्र पोर्ट असताना हे दुखणे विकत कशाला घ्यायचे?

आता चार इंजेक्टर नेमके कुठे बसवायचे, याकडे वळतो. फवाऱ्याचे लक्ष्य इनटेक व्हॉल्व्हच्या डोक्याची मागची बाजू हे असले पाहिजे, पोर्टाची भिंत नव्हे. व्हॉल्व्हचे डोके इंजिनातल्या अशा मोजक्या जागांपैकी आहे जी तापलेली असते आणि जिला थोडे गार केलेले चालते; तिथे पडलेले पेट्रोल वाफ होते आणि ज्या सिलिंडरचे आहे त्याच सिलिंडरमध्ये जाते. मॅनिफोल्डच्या रनरला (एकेका सिलिंडरकडे जाणाऱ्या फाट्याला) तिरपे भोक पाडून त्यात ॲल्युमिनियमचे बुश आर्गॉनने वेल्ड करायचे असते, आणि कोन चुकण्याची जागा हीच आहे. आमची पद्धत अशी की लेथवर इंजेक्टरच्याच मापाचा एक डमी बनवायचा, त्याच्या मध्यातून आरपार तीन मिलिमीटरचे भोक पाडायचे, आणि हेड व मॅनिफोल्ड टेबलावर एकत्र बोल्ट करून त्या भोकातून सरळ वेल्डिंग रॉड सरकवायचा. रॉडचे टोक बंद व्हॉल्व्हच्या मागे, दांड्याच्या खालच्या अंगाला लागले पाहिजे. ते आधीच पोर्टाच्या तळाला अडले तर बुश सोडवून पुन्हा लावा. चारही पोर्टांवर रॉडची आत गेलेली लांबी मोजा. ती दोन-तीन मिलिमीटरच्या आत सारखी आली पाहिजे. एका गाडीवर आमच्याच हातून ३ नंबरचे बुश वेल्डिंगच्या उष्णतेने चार अंश कलले होते, आणि ती गाडी रोज सकाळी थंड असताना ३ नंबरवर मिसिंग करायची, तापली की बरी व्हायची. भिंतीवर पडलेले पेट्रोल भिंत तापेपर्यंत आत पोहोचत नव्हते. आम्ही कॉइलपासून कॉम्प्रेशनपर्यंत सगळे तपासले आणि शेवटी रॉड घातला.

इंजेक्टरचे टोक रनरच्या भिंतीच्या पातळीपासून किंचितच आत असावे. ते फार आत, बुशच्या खोबणीत दडले तर फवारा खोबणीच्या कडेला घासतो आणि त्याची धार होते. ते बाहेर डोकावले तर हवेच्या वाटेत अडसर होतो. इंजेक्टर प्लेनमकडेही फार सरकवू नका. कमी आरपीएमला दोन्ही व्हॉल्व्ह क्षणभर एकदम उघडे असताना मिश्रणाचा एक झोत उलटा प्लेनमकडे येतो, आणि इंजेक्टर वर असेल तर त्याची वाफ शेजाऱ्याच्या रनरमध्ये शिरते. शर्यतीच्या इंजिनांवर इंजेक्टर मुद्दाम रनरच्या तोंडावर ठेवतात, म्हणजे वाटेत पेट्रोलची वाफ होऊन हवा गार व दाट व्हावी. होंडाने २००३ च्या सीबीआर ६०० आरआर मध्ये प्रत्येक सिलिंडरला खाली एक आणि वर एक असे दोन इंजेक्टर दिले, त्यातला वरचा जास्त आरपीएमलाच चालतो. पण तिथे प्रत्येक सिलिंडरची थ्रॉटल बॉडी स्वतंत्र असते. ती चित्रे पाहून रस्त्यावरच्या गाडीचे इंजेक्टर वर चढवू नयेत.

तुमच्या हेडला दोन-दोन इनटेक व्हॉल्व्ह असतील तर दोन धारांचा इंजेक्टर लागतो, आणि मग तो स्वतःभोवती किती फिरवून बसवला आहे यालाही महत्त्व येते. गोल बुशात तो कसाही बसतो. वायरचा सॉकेट सोयीने वळवण्यासाठी तो ९० अंश फिरवला, की दोन धारा दोन व्हॉल्व्हवर पडण्याऐवजी एक धार पोर्टाच्या छतावर आणि एक तळावर पडते. इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या रेलच्या क्लिपची खाच इंजेक्टरला फिरू न देण्यासाठीच असते. ती काढून टाकू नका.

इंजेक्टर खाली नेताना प्रेशर रेग्युलेटरची नळीही विसरू नका. थ्रॉटलच्या वरचा इंजेक्टर बाहेरच्या हवेच्या दाबात फवारतो, म्हणून त्याच्या रेग्युलेटरला व्हॅक्यूमची नळी नको असते. पोर्टातला इंजेक्टर मॅनिफोल्डच्या दाबात फवारतो, म्हणून त्याला ती प्लेनममधून द्यावी. एखाद्या रनरमधून दिली तर त्या एकाच सिलिंडरचे धक्के रेग्युलेटरला बसत राहतात.

जुने इंजेक्टर घेणार असाल तर चारही एकत्र बेंचवर लावून नळ्यांमधले द्रव मोजून घ्या आणि दोन टक्क्यांपेक्षा जास्त फरकाचा बाद करा. यात काटकसर महागात पडते. समजा एक इंजेक्टर १२ टक्के कमी देतो. सेन्सरला सरासरीत तीनच टक्के तूट दिसते, ईसीयू चौघांनाही तीन टक्के वाढवून देतो, आणि आजारी सिलिंडर नऊ टक्के लीन (पेट्रोल कमी) राहून बाकीचे तिघे तीन टक्के रिच (पेट्रोल जास्त) होतात. मीटर मात्र आनंदी असतो.

याच तर्काने सीएनजीचे सिक्वेन्शियल (सिलिंडरांना क्रमाने गॅस देणारे) किट बसवणाऱ्यांनाही एक सूचना करतो. गॅसचा ओला थर होत नाही हे खरे, पण पूर्ण मिश्रणात तो आकारमानाने दहा टक्क्यांच्या आसपास जागा घेतो. मॅनिफोल्डला नोझलचे भोक हेडपासून दूर, हाताला सोपे पडेल तिथे पाडले आणि होज कमी-जास्त लांबीचे ठेवले, तर एका सिलिंडरचा गॅस उशिरा पोहोचतो व उरलेला शेजाऱ्याकडे जातो.

चार इंजेक्टर नीट बसल्यावर पेट्रोल सारखे वाटले जाईल. हवा सारखी वाटली जाईलच असे नाही. तुमचा प्लेनम एका टोकाने हवा घेणारा केलात, तर जास्त आरपीएमला हवेचा लोट सरळ शेवटच्या रनरवर जाऊन आदळतो आणि तो सिलिंडर इतरांपेक्षा जास्त भरतो, म्हणजे सारख्या पेट्रोलवर तोच लीन होतो. मॅनिफोल्ड इथेच ओतून घेणार असाल तर कोअर (आतली पोकळी घडवणारा वाळूचा गाभा) सरकलेला नाही ना, हे पाहा. आपल्या फाउंड्र्यांत काम उत्तम होते, पण एकदोन नगांसाठी लाकडी पॅटर्नवर घाईने केलेल्या कोअरमध्ये एक रनर दोन मिलिमीटर बारीक निघणे अशक्य नाही, आणि ते बाहेरून दिसत नाही. गेज आत घालून किंवा रनरमध्ये पाणी भरून ते मोजून चारही आकारमाने जुळवा. हेड आणि मॅनिफोल्डमधले गॅस्केट एखाद्या पोर्टावर हवा ओढत असेल, तर तोही सिलिंडर एकटाच पांढरा पडतो, म्हणून ते सर्वांत आधी पाहावे.

शेवटचा फरक शोधण्यासाठी प्रत्येक एक्झॉस्ट पाइपात, पोर्टापासून सारख्या अंतरावर थर्मोकपल (तापमान मोजणारा सेन्सर) बसवा. इन्फ्रारेड गन आयडलिंगला बंद पडलेला सिलिंडर शोधायला ठीक आहे, वाटणी जुळवायला नाही. थर्मोकपलचा आकडा वाचताना मात्र एक चूक सर्रास होते. जास्त तापमान म्हणजे लीन, असे सरधोपट समजले जाते. वास्तविक एक्झॉस्टचे तापमान १४.७ च्या आसपास सर्वाधिक असते आणि तिथून दोन्हीकडे उतरते. त्यामुळे थंड दिसणारा सिलिंडर रिच आहे की लीन, हे एका आकड्यावरून कळत नाही. ईसीयूमध्ये फक्त त्या सिलिंडरचे पेट्रोल तीन टक्के वाढवा. तापमान वाढले तर तो लीन होता, उतरले तर रिच. नॉक होत असताना ही चाचणी करू नका, आधी इग्निशनचे टायमिंग चार अंश मागे घ्या. सिलिंडरनिहाय दुरुस्ती भरायची झाली तर ती निदान तीन वेगवेगळ्या आरपीएमवर तपासून भरा, कारण रनरमधल्या हवेच्या लाटा आरपीएमप्रमाणे बदलतात आणि २५०० ला उपाशी असलेला सिलिंडर ४५०० ला तृप्त असू शकतो.

राहता राहिला तुमचा जुना थ्रॉटलवरचा इंजेक्टर. चार नवे बसल्यावर तो काढून त्याचे भोक प्लगने बंद करा. आणि मघाशी जे गरम पाणी परत जोडायला सांगितले, ते या टप्प्यावर पुन्हा बंद करा. आता मॅनिफोल्डमधून कोरडी हवाच जाणार असल्याने ती जितकी गार जाईल तितकी बरी, आणि चढावर नॉकिंगही तेवढेच मागे हटेल.